तिला विचारलं तेव्हा

आमच्या घरी एक मुलगी होती, हे मला अजूनही लोकांना धड सांगता येत नाही. दत्तक घेतली होती का, तर नाही. नात्यातली होती का, तर तेही नाही. सरकारने ती आम्हाला सांभाळायला दिली होती. त्याला सरकारी भाषेत प्रतिपालकत्व म्हणतात. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत बायकांना हा शब्द सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी मी म्हणायला लागले, "आहे आमची. तुम्हाला काय करायचंय?" मुळात मी फटकळ. महापालिकेच्या शाळेत जन्म काढला की आवाज चढतो आणि चढलेला आवाज मग घरीही उतरत नाही.

ती चांदवडच्या कांदा मार्केटात सापडली होती. लिलाव आटोपून माणसं पांगली आणि गोणपाटांच्या थप्पीआड दीड-दोन वर्षांची पोर झोपलेली दिसली. डावा पाय जन्मापासून आत वळलेला. पोलिसांनी शोध घेतला, पेपरात फोटो आला, कोणी फिरकलं नाही. मग तिला नाशकातल्या एका संस्थेत ठेवलं आणि रीतसर चौकशी होऊन ती दत्तकासाठी मोकळी झाली. आता दत्तक सगळं ऑनलाइन असतं. मूल हवं असलेली जोडपी तिचा फोटो बघायची, गोड आहे म्हणायची, आणि पायाचं वाचलं की नको म्हणायची. शिकलेली, पगारदार जोडपी. मी कोणाला दोष देत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी देते.

बराच काळ कुटुंब मिळालं नाही की अशा मुलाला तात्पुरतं कोणाच्या तरी घरी वाढवता येतं. आमचे हे तेव्हा जिल्हा परिषदेतून नुकतेच निवृत्त झाले होते. मुलगा पुण्यात नोकरीला. माझी शाळा अजून चालू होती, त्यामुळे दिवसभर हे घरात एकटे, टीव्हीसमोर. एक दिवस पेपर पुढे सरकवून म्हणाले, "अगं, हे बघ." मी म्हटलं, "या वयात आता कोणाची नाकं पुसायची?" तर म्हणाले, "मी पुसतो ना. तू कशाला काळजी करतेस."

आणि खरंच त्यांनीच पुसली. ती आली तेव्हा चार वर्षांची होती. संस्थेतली समाजसेविका, आम्ही तिला ताई म्हणायचो, तिने पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला. तुम्हाला आई-बाबा म्हणू द्यायचं नाही. "बाई, आईची जागा रिकामी ठेवा. कधीतरी तिथे कोणीतरी येईल." मला ते पटलं. म्हणून मी मावशी झाले आणि हे काका.

आम्हीच दत्तक का घेतली नाही, असं सगळे विचारतात. नवरा-बायकोच्या वयाची बेरीज करतात आणि ती एका आकड्याच्या आत लागते. सांभाळायला आमचं वय चाललं, दत्तकाला चालेना. ह्यांनी कॅलेंडरच्या मागे ती बेरीज दोनदा केली. मग पेन खिशाला लावून म्हणाले, "नियम बरोबर आहे. पोर वीस वर्षांची होईल तेव्हा आपण कुठे असू?" हा माणूस असाच. ऑफिसचं पेन कधी घरी आणलं नाही. साहेबाच्या मुलीच्या लग्नात पाकीट दिलं तेही सगळ्यांइतकंच. नियमाबाहेर पाऊल टाकणं त्यांना जमतच नाही, असं मी माहेरी अभिमानाने आणि कधी कधी वैतागूनही सांगायचे.

मी शाळेत गेले की घरात त्या दोघांचं राज्य. सकाळी तिळाच्या तेलाने पायाला मालिश, मग पट्ट्यांचा तो जड बूट, मग स्कूटरवर पुढे उभी करून बालवाडी. सिव्हिलला प्लॅस्टर घालायला हेच न्यायचे. रविवारी विहारात वंदनेला ती ह्यांच्या मांडीवर बसायची आणि सगळ्यांच्या मागून एक शब्द उशिरा म्हणायची. वैशाखातल्या पौर्णिमेला वाटायची खीर आमच्या घरी शिजते. ती वाटायचं काम तिने मागून घेतलं. लंगडत लंगडत प्रत्येकाच्या हातात द्रोण द्यायची आणि कोणी मदतीला उठलं की डोळे वटारायची. ते डोळे वटारणं मात्र माझं होतं. तेवढं तिने माझ्याकडून घेतलं.

त्या दोघांचा एक खेळ होता. ऑफिस-ऑफिस. आमचे हे आयुष्यभर कारकून, त्यांना दुसरा खेळ येणार तरी कुठून? हे पाटावर बसायचे, समोर शाईचं पॅड आणि शिक्का म्हणून बाटलीचं बूच. ती अर्ज घेऊन यायची. नाव काय? गाव कुठलं? काय काम काढलंत? नीट उत्तर दिलं की तिच्या तळहातावर जांभळा गोल शिक्का. मंजूर. कधी ती पाटावर बसायची आणि हे हात जोडून उभे. "साहेब, एक कप चहा मंजूर करा." तेव्हापासून घरात तिचं नाव साहेबच पडलं. शाळेतून आले की मी विचारायचे, "साहेब जेवले का?"

इथल्या कोणी घेतलं नाही तर मग अशा मुलांची माहिती परदेशातल्या कुटुंबांना दाखवतात. ती सहा वर्षांची झाली आणि स्पेनमधल्या एका जोडप्याने तिला निवडलं. ताईने घरी येऊन सांगितलं. आनंदाची बातमी होती, म्हणून पेढे घेऊन आली होती बिचारी. मी चहा टाकायला आत गेले ते गॅससमोर नुसतीच उभी राहिले.

त्या जोडप्याने फोटोंचा अल्बम पाठवला. हे घर, ही तुझी खोली, हा कुत्रा, ही आजी. रोज थोडा वेळ तो मुलीला दाखवायचा असतो, म्हणजे तिला माणसं ओळखीची होतात. ते काम माझ्याकडे. संस्थेत जाऊन व्हिडिओ कॉलही झाले. त्या बाईने मराठी शिकायला घेतलं होतं. "तू कशी आहेस?" एवढं म्हणताना तिचे कान लाल व्हायचे. ती नर्स होती. त्यांच्या गावाजवळ अशा पायांची ऑपरेशनं करणारं मोठं हॉस्पिटल होतं. माणसं चांगली होती, आणि तीच तर अडचण होती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

मग ताईने एक गोष्ट सांगितली आणि त्या दिवसापासून आमच्या घराची झोप उडाली. या वयाच्या मुलाला बाल कल्याण समितीसमोर विचारतात. जायचंय का? मूल नाही म्हणालं तर पुढे जात नाहीत. "तिची इच्छा महत्त्वाची," ताई म्हणाली. "तिचा तो हक्क आहे." मी विचारलं, "नाही म्हणाली तर?" ताई म्हणाली, "तर सध्या तुमच्याकडेच राहील."

मला ती हवी होती. यात लाजण्यासारखं काही नाही. तिच्या एका शब्दावर ती आमच्याकडे राहणार होती, आणि तो शब्द तिच्या तोंडून काढून घेणं माझ्यासारख्या बाईला अवघड नव्हतं. मुलं प्रश्न ऐकतच नाहीत. विचारणाऱ्याचा चेहरा बघतात आणि त्याला हवं ते उत्तर देतात. जन्मभर मी वर्गात हेच बघत आले. मी नुसता चेहरा पाडला असता तरी पोरीने ओळखलं असतं. पण इथल्या डॉक्टरांनी पायाबद्दल हात टेकले होते, आणि आमची वयं काही थांबणार नव्हती. म्हणून मी अल्बम उघडला की तोंड हसरं ठेवायचे. तोंडाला कुलूप काय असतं ते मला तेव्हा कळलं. ह्यांनाही बजावलं होतं, "अहो, तिच्यासमोर एक अक्षर बोलायचं नाही." हे म्हणाले, "मी काय बोलणार?"

समितीच्या ऑफिसात आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत ती, समितीची माणसं आणि बाल संरक्षणच्या एक मॅडम. मोठ्यांना मुद्दाम बाहेर ठेवतात. दार लागलं. हे नखं खात होते. मी म्हटलं, लहान आहात का? तर हात मांडीखाली घेऊन बसले.

थोड्या वेळाने मॅडम एकट्याच बाहेर आल्या. उंच, बारीक, शांत बाई. "काका कोण?" हे उठले. मॅडमनी आत काय झालं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, तुला त्या आई-बाबांकडे परदेशी जायचंय का? पोरगी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "नाही. मला जायचं नाही. मी हे माझ्या राजीखुशीने सांगत आहे." आणि तळहात पुढे केला. मॅडमना कळेना. म्हणाल्या, हात कशाला? तर म्हणे, "शिक्का मारा ना. काका मारतात."

मी ह्यांच्याकडे बघितलं. बघायची गरज नव्हती. दुपारी मी शाळेत असताना ऑफिस-ऑफिस चालायचंच. अर्जदार, परदेशी जायचं काय? नाही साहेब. राजीखुशीने? राजीखुशीने. मंजूर. किती वेळा खेळले असतील कोणास ठाऊक. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडी राजीखुशी. कारकुनाशिवाय दुसऱ्या कोणाला हे सुचलंही नसतं. दुसरा कोणी असता तर पोरीला जवळ घेऊन रडला असता, नको जाऊस म्हणाला असता. ह्यांनी रीतसर नमुन्यात उत्तर बसवून घेतलं.

"मी शिकवलं," हे म्हणाले. खोटं त्यांना तेव्हाही बोलता आलं नाही.

त्याच दिवशी ठरलं. निर्णय होईपर्यंत मुलीला संस्थेत ठेवायचं, म्हणजे तिच्यावर कोणाचं दडपण राहणार नाही. तोवर आमची भेट बंद. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तिथे मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. पोर म्हणजे काय फाइल आहे का, इकडून तिकडे सरकवायला? मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, मूल इथून विमानात बसलं की तिथे ते रडलं तरी मला ऐकू येणार नाही. मागे कागद रंगवून पाठवलेली मुलं मोठी होऊन परत येतात आणि विचारतात, आम्हाला कोणी विचारलं होतं का. म्हणून इथे ती जे बोलेल ते तिचंच असलं पाहिजे."

"आणि ती आत्ता नाही म्हणाली ते तिचं नव्हतं?"

"तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या. "होतं का?"

मला आजही वाटतं की होतं. पण वाटणं वेगळं आणि सांगता येणं वेगळं. ह्यांनी तिच्या खऱ्या नाहीवर आपला शिक्का मारून ठेवला होता आणि आता तो कोणालाच पुसता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला संस्थेत सोडायचं होतं. मी तिच्या फ्रॉकच्या घड्या घालत होते. ती पलंगावर बसून बुटाची पट्टी ओढत होती. म्हणाली, "मावशी, मी चुकीचं सांगितलं का?" मी म्हटलं, "नाही गं साहेब." "मग?" मी म्हटलं, "थोडे दिवस." हे दाराबाहेर चपला घालून उभे होते, आत आलेच नाहीत.

त्यानंतर मी ह्यांच्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायचे आणि आत जायचे. एकदा ताट वाढताना मात्र बांध फुटला. म्हटलं, "निदान कागदपत्रं होईपर्यंतचे महिने तरी मिळाले असते मला. तुम्ही तेही घालवले. जन्मभर नियम नियम करत बसलात आणि मोडायचा तर तोही असा मोडला." ह्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही गं." मग रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. माझा राग गेला नाही, पण त्यानंतर बोलायला लागले.

काही आठवड्यांनी मॅडमनी तिला पुन्हा विचारलं. ताईचा फोन आला. "बाई, ती हो म्हणाली. स्वतःहून म्हणाली. या वेळी कोणी काही शिकवलेलं नव्हतं, मॅडमनी खूप वेळ दिला, खेळत खेळत विचारलं, फिरवून फिरवून विचारलं. प्रत्येक वेळी हो." मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं झालं. तिचं तिने ठरवलं."

पुढचं सगळं रीतसर झालं. दिल्लीची परवानगी आली, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला, ते जोडपं आलं आणि तिला घेऊन गेलं. जाताना आमची भेट नको, मुलीला त्रास होईल, असं संस्थेने ठरवलं. मी भांडले नाही. भांडण संपलं होतं माझ्यातलं.

तिथे गेल्यावरही सरकार सोडत नाही. मूल कसं आहे याचा अहवाल ठरल्या वेळी इथे पाठवावा लागतो. तो आम्हाला बघायला मिळत नाही, आमचा हक्क नाही. ताई तेवढं तोंडी सांगायची. पायाचं ऑपरेशन झालं. चालते. पळते. नव्या भाषेत बोलते, भांडते. भांडते म्हटल्यावर मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. देखरेखीत काही खोट नव्हती. माणसं चांगली मिळाली, पाय सरळ झाला. मी कोणाच्या नावाने बोटं मोडू?

ह्यांनी मात्र त्या एका हो-वर स्वतःला सावरलं. विहारात कोणी विचारलं की सांगायचे, "तिला विचारलं होतं. दोनदा विचारलं. पोर स्वतःच्या मनाने गेली." असं म्हटलं की त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. आपण जे केलं त्याने शेवटी काही बिघडलं नाही, पोरीला जायचंच होतं, एवढ्यावर हा माणूस जेवायला लागला, फिरायला जायला लागला. माझाही राग त्यामुळेच हळूहळू निवला.

यंदा सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदून ठेवलेत, रिक्षा कुठूनही वळवून नेतात. बहिणीकडून येताना त्या दिवशी रिक्षावाल्याने मला पंचवटीत सोडलं, म्हणून तिथेच भाजी घ्यायला थांबले. मेथीची जुडी बघत होते तर मागून हाक आली, "बाई, ओळखलं का?" संस्थेत मुलांना सांभाळायला होती ती मावशी. नामपूरकडची, बोलताना हात हलवणारी. आता ते काम सोडून लेकीकडे राहते म्हणाली. इकडचं तिकडचं झालं. मग तिने स्वतःच विषय काढला.

"तुमची ती पोर, लय ध्यानात राहिली बघा. त्या दुसऱ्या टायमाला मॅडमला हो म्हणून बाहेर आली अन् सरळ बूट घालाया बसली. मी म्हटलं, कुठं गं? तर म्हणे, घरी."

"घरी?"

"हां. म्हणे, मागच्या टायमाला मी नाय म्हटलं म्हणून मला घरातून काढलं. आता हो म्हटलं. आता काका न्यायला येतील." तिने पदराने तोंड पुसलं. "पिशवी घेऊन गेटपाशी बसली. जेवणाची घंटा झाली तरी उठंना. मग मी उचलून आत आणली."

"तुम्ही ताईंना सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. ताई म्हणे, सगळीच पोरं घरी जायचं म्हणत्यात, चार दिवसांत विसरत्यात. अन् झालंबी तसंच. पुन्हा बोलली नाय त्यावर." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "आता बरी हाय ना ती तिकडं?"

मी म्हटलं, "बरी आहे. पळते." मेथी घेतली की नाही ते आठवत नाही, घेतलीच असेल, कारण घरी आले तेव्हा पिशवीत होती. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पुलावरून चालत निघाले. चालताना मला तिचा राग आला, त्या मावशीचा, आज भेटल्याचा. मग ताईचा. मग मॅडमचा, ज्यांनी खेळत खेळत आणि फिरवून फिरवून विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी त्या लेकराने घरी यायला मिळावं म्हणून हो म्हटलं होतं. आणि कोणाचाच राग पुरेना. सहा वर्षांचं पोर. नाही म्हणून बघितलं, हो म्हणून बघितलं. तिला दोन्ही वेळा एकच सांगायचं होतं.

घरी आले तर हे ओट्यापाशी चहा गाळत होते. उशीर का झाला म्हणाले. मी बोलून गेले की संस्थेतली ती मावशी भेटली होती. ह्यांचा हात थांबला. "काय म्हणत होती? साहेबांबद्दल काही बोलली?"

मी म्हटलं, "आठवण काढत होती."

हे कप माझ्यापुढे ठेवून समोर बसले. "काढणारच. पोर तशीच होती. पण मला एक समाधान आहे बघ. शेवटी तिला कोणी ढकललं नाही. ती मनापासून हो म्हणाली. हो ना?"

मी हो म्हणाले, आणि पिशवीतली मेथी काढून निवडायला बसले.